‘टँकएवढाच वाढतो’ म्हणून आणलेला ऑस्कर

सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं. मुलाच्या नवव्या वाढदिवसाला त्यांनी दोन फुटी फिश टँक घेतला. दुकानदाराने त्यात दोन ऑस्कर, तीन ‘शार्क’ आणि काच साफ ठेवायला म्हणून एक सकर घालून दिला. सगळे बोटाएवढे. ‘मासा टँकएवढाच वाढतो, काळजी करू नका,’ असं तो म्हणाला. आता दीड वर्ष झालं. एक ऑस्कर नऊ इंचांचा झाला आहे, दुसरा त्याच्या धाकाने कोपरा सोडत नाही, शार्क दिवा लावला की काचेवर जाऊन आपटतात आणि सकर फिल्टरच्या मागे अडकल्यासारखा पडून असतो. यजमान म्हणतात, दुकानदार मोठे मासे परत घेऊन लहान देतो, दरवर्षी तसंच करू, सगळे करतात. सासूबाई म्हणतात, कात्रजच्या तळ्यात नाहीतर नदीत सोडा, जीवनदानाचं पुण्य लागेल. मुलाला आता अरोवाना हवा आहे. आणि शेवटी त्या लिहितात : ‘आमच्याकडे रविवारी सुरमई असते. तुकडीवर लिंबू पिळताना मला काही होत नाही. मग या ऑस्करचंच एवढं मनाला का लागावं? मी उगाच ताणते आहे का?’

ताई, शेवटच्या प्रश्नाकडे मी येईनच. आधी घरातली फूटपट्टी घ्या.

दोन फुटी टँक म्हणजे बहुतेक वेळा दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरला तरी ५६ लिटर पाणी. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली की पन्नाशीच्या आतच. पूर्ण वाढलेला ऑस्कर बारा इंचांचा असतो, कधी थोडा जास्तच. म्हणजे माशाची लांबी आणि टँकची रुंदी एकच. तुमचा नऊ इंची ऑस्कर आत्ता वळतो कसा, ते संध्याकाळी बसून बघा. आधी तोंड पुढच्या काचेला टेकतं, मग अंग वाकतं, शेपूट मागची काच घासत जाते आणि तेव्हा कुठे तो उलट्या दिशेला लागतो. अजून तीन इंच वाढले की हेही जमणार नाही. मुलालाही शेजारी बसवा आणि काचेला पट्टी लावून माप त्यालाच घेऊ द्या. माझ्या लांबलचक उत्तरापेक्षा त्याला ते लवकर कळेल.

‘टँकएवढाच वाढतो’ हे वाक्य पुण्यातच नाही, सगळीकडेच ऐकू येतं. त्यात तथ्याचा अंश इतकाच, की लहान टँकमध्ये काही माशांची वाढ मंदावते. पण का मंदावते? मासा ज्या पाण्यात श्वास घेतो त्यातच विष्ठा टाकतो आणि त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया सुटत असतो. फिल्टरमधले जिवाणू त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, पण पाणी कमी आणि मासा मोठा असला की त्यांचाही हिशोब कोलमडतो. अशा पाण्यात वाढ खुंटलेल्या माशाचा कणा वाकडा होतो, आजार सतत मागे लागतात, आयुष्य घटतं. जागा बेताची म्हणून शहाणपणाने लहान राहणारा मासा मी तरी पाहिलेला नाही. ऑस्करच्या डोक्यावर टाचणी टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसतात का, तेही तपासा. दिसत असतील तर खराब पाण्याशी आणि निकृष्ट आहाराशी जोडला जाणारा तो एक ओळखीचा आजार आहे. तेव्हा औषधाची बाटली आणण्याआधी पाणी बदला.

बाकीच्या दोघांची गोष्ट ऑस्करपेक्षा बिकट आहे. तुमचे ‘शार्क’ हे शार्क नाहीतच. दुकानात या नावाने सर्रास विकला जातो तो पंगास, मेकाँग नदीतला मोठा मासा. तो मीटरभर आणि त्याहूनही लांब होतो आणि थव्याने पोहतो. हॉटेलात ‘बासा’ म्हणून जो मासा ताटात येतो, तो बहुतेक वेळा हाच. शेततळ्यात तो वर्षभरात किलोभराचा होतो, मूळच्या मेकाँगमध्ये मात्र तो आज संकटग्रस्त मानला जातो. तुमच्या हॉलमध्ये तो काचेवर आपटतो यात त्याच्या स्वभावाचा दोष नाही. घाबरला की सरळ रेषेत सुसाट सुटणं एवढंच त्याला ठाऊक आहे आणि तुमच्याकडे सरळ रेष दोन फुटांची आहे. सकरही दीड फुटापर्यंत जातो. आणि तो टँक ‘साफ’ करतो ही निव्वळ दुकानातली कल्पना. लहानपणी थोडं शेवाळ खातो खरा, पण मोठा झाला की खातो त्याहून जास्त घाण करतो. काच पुसायला स्पंज पुरतो.

आता यजमानांचा मार्ग. त्यांना मी नावं ठेवणार नाही, कारण वरवर तो सगळ्यांत व्यवहारी वाटतो. मासा मोठा झाला, परत दिला, त्याला मोठी जागा मिळाली, आपल्याला लहान मासा मिळाला. यातलं ‘त्याला मोठी जागा मिळाली’ हे कुणी पाहिलं आहे का? दुकानदाराला एकदा सहज विचारा, की गेल्या महिन्यात परत आलेले ऑस्कर आत्ता कुठे आहेत. दाखवले तर उत्तम. बऱ्याचदा उत्तर येतं, ‘गेले कुठेतरी.’ ऑस्करची एक जोडी एका वेळेस हजारावर अंडी घालते. म्हणून पिल्लू शंभराच्या नोटेत मिळतं, आणि किंमत एवढी कमी, की पुढच्या बारा वर्षांचा विचार कुणाला सुचतच नाही. चेन्नईच्या कोळत्तूरसारख्या घाऊक बाजारांतून ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत अशी पिल्लं देशभर जातात. बोटाएवढे ऑस्कर विकत घेणारी घरं भरपूर, फूटभर ऑस्कर सांभाळणारी मोजकी. मधले सगळे मासे जातात कुठे, हे कोडं घालायची गरज नाही.

तरीही मासा दुकानात परत देणं आणि एक्स्चेंज करणं या दोन गोष्टी मी वेगळ्या मानते. काही दुकानदार खरोखरच मोठा टँक राखून असतात आणि ओळखीच्या, जागा असलेल्या गिऱ्हाइकाला मासा देतात. अशाकडे तुम्ही मासे एकदा परत दिलेत तर त्यात गैर काही नाही. पण बदल्यात पुन्हा बोटाएवढा ऑस्कर घरी आणलात, की पुढच्या पिल्लाची मागणी तुम्हीच नोंदवलीत. दरवर्षी एक जीव वापरून पुढच्याच्या हवाली करायचा, आणि हे सगळं मुलाच्या देखत. ‘सगळे करतात’ हे यजमानांचं म्हणणं खरंच आहे, म्हणूनच तर ही गत.

दुकानदाराने फसवलं, असा सूर तुमच्या पत्रात आहे. थोडं फसवलंच. पण आपणही विचारत काय होतो? ‘किती मासे बसतील?’ आणि ‘रंग छान दिसेल ना?’ रिकामा टँक बघवत नाही म्हणून पहिल्याच दिवशी सहा मासे घालून नेणारं गिऱ्हाईक आणि माल अंगावर पडू नये म्हणून धडपडणारा दुकानदार, दोघं एकमेकांना बरोबर भेटतात. नव्या टँकमध्ये फिल्टरमधले ते जिवाणू तयार व्हायलाच महिना-दीड महिना लागतो, हे दोघांपैकी कुणीच काढत नाही.

सासूबाईंशी मात्र जपून बोला, कारण त्यांच्या म्हणण्यामागे दया आहे. फक्त ती दया नदीत पोचत नाही. मुळा-मुठेच्या पाण्यात शहराचं सांडपाणी येतं आणि ऑक्सिजन कमी असतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, हातातून गोळी खायची सवय झालेला ऑस्कर त्यात आजाराने किंवा उपासाने मरेल, म्हणजे पुण्य दूरच. आणि समजा जगला तर? सकर हमखास जगतो. तो पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो आणि पोटातून तिचा ऑक्सिजन घेतो, त्यामुळे सडक्या पाण्यातही तग धरतो. काठात बिळं करून अंडी घालतो. अंगावर हाडासारखे खवले आणि पंखांना काटे, त्यामुळे जाळ्यात अडकला की जाळं फाडतो आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. केरळ, आंध्र, बंगालमधल्या मच्छीमारांनी त्याच्या नावाने बोटं मोडली आहेत. आपलं पाणी मुठेतून मुळा-मुठेत, तिथून भीमेत आणि पुढे उजनीत जातं, तिथे भिगवणच्या बाजूला कितीतरी घरं जाळ्यावर जगतात. उजनीत बाहेरून आलेल्या चिलापीने आधीच बस्तान मांडलं आहे. २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात उत्तर अमेरिकेतला ॲलिगेटर गार नावाचा मासा सापडला, तो काही पोहत आला नव्हता.

आणि ज्या नदीला आपण आज गटार म्हणून मोकळे होतो, तिच्यातल्याच माशांवरून कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनी महसीर या माशाची शास्त्रीय नोंद केली, पुण्याच्या थोडं पूर्वेला. तिथे आजही स्थानिक मासे तगून आहेत. त्यांच्या पाण्यात आपल्या टँकमधले रोग आणि परजीवी ओतणं हे दान कसं होईल? कात्रजचं तळं, पाषाणचं तळं, खडकवासला, गावाकडची विहीर, सगळ्यांना हेच लागू. सासूबाईंना एवढंच सांगा, की मासे जगवायचेच आहेत, फक्त नदीत नाही. त्या मदतीलाही येतील, बघा.

आता तुमची सुरमई.

हा प्रश्न तुम्ही दबकत विचारलात, पण तुमच्या पत्रातला सगळ्यांत चांगला प्रश्न तोच आहे. मासे खावेत की नाही हा वाद वेगळा. तो तुमचे शाकाहारी नातेवाईक प्रत्येक लग्नात घालतच असतील, त्यात मी पडत नाही. पण सुरमई घेताना तुम्ही तिला जगवायचं कबूल केलेलं नव्हतं. ती जाळ्यात सापडेपर्यंत समुद्रात होती, पोहली, शिकार केली, तिच्या तऱ्हेने जगली. ऑस्करला तुम्ही जगवायलाच घरी आणलंत. त्याच्या खाण्याची वेळ, पाण्याची गोडी-खारटी, अंधार-उजेड, सगळं तुमच्या हातात आहे आणि हे दहा-बारा वर्षं चालणार आहे. कुणाचं मरण वाईट असं विचारलंत तर सुरमईचं म्हणता येईल. कुणाचं जगणं वाईट असं विचारलंत तर उत्तर आपल्या हॉलकडे बोट दाखवतं. तुमच्या मनाला लागतंय ते माशाचं मरण नाही, त्याचं रोजचं अडकून राहणं आहे. त्यामुळे रविवारचं जेवण आणि ही टोचणी एका घरात बिनदिक्कत राहू शकतात. फक्त ‘बासा तर खातातच’ म्हणून ते तीन पंगास कढईत घालायचा विचार कुणी बोलून दाखवला तर तिथेच थांबवा. फिश टँकमध्ये वापरतात ती हिरवी-निळी औषधं खायच्या माशांसाठी नसतात.

मग करायचं काय? आजच्या आज दोन गोष्टी करा. एक, दर चार दिवसांनी टँकचं तिसरा हिस्सा पाणी बदलायला लागा. नळाचं पाणी क्लोरिन घालवूनच घाला, थेंबाचं औषध दुकानात मिळतं. गुरुवारी पाणी बंद असणार असेल तर बुधवारी बादल्या भरून ठेवा. टँकरचं किंवा बोअरचं पाणी एकदम ओतू नका, ते बऱ्याचदा जड असतं आणि माशाला झटका बसतो. दोन, दोन ऑस्करमध्ये जाळीची आडभिंत घाला, म्हणजे कोपऱ्यातल्याला निदान पोटभर खाता येईल. पाणी बदलल्यावर ऑस्कर कधी कधी तळाशी आडवा पडून राहतो, मेल्यासारखा. घाबरू नका, ते त्याचं रुसणं असतं. तासाभरात गोळी मागायला वर येईल. एक दिवसाहून जास्त तसाच राहिला, तर मात्र माशांचं कळणारा पशुवैद्य गाठा.

पुढच्या महिनाभरात निर्णय घ्या. ऑस्कर ठेवायचे असतील तर चार फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद-उंच टँक लागेल. म्हणजे जवळपास २५५ लिटर पाणी. काच, खडी, स्टँड धरून वजन साडेतीनशे किलोच्या घरात. ते भिंतीला लागून, बीमवर येईल असं ठेवायचं, बाल्कनीत मुळीच नाही, आणि इमारत जुनी असेल तर आधी जाणकाराला विचारायचं. मोठा फिल्टर रात्रंदिवस चालणार. थंडीत हीटर. दर आठवड्याला पाच-सहा बादल्या पाणी बदलायचं. आणि तुमचा मुलगा कॉलेजला हॉस्टेलवर जाईल तेव्हाही ऑस्कर तिथेच असणार. हे सगळं यजमानांसकट मान्य असेल तर जरूर ठेवा. ऑस्कर माणूस ओळखतो, हातून खातो, त्याच्याइतका संगती मासा विरळा. पण दोघांचं पटत नसेल तर चार फुटांतही एकच ठेवा.

मान्य नसेल, तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण मग घर शोधणं तुमच्या अंगावर. मोठे मासे पाळणाऱ्या हौशी लोकांचे गट पुण्यात आहेत, तिथे माशाची लांबी, वय आणि फोटो टाका. फुकट द्या, मात्र समोरच्याचा टँक फोटो मागवून नाही, तर जाऊन बघा. कुणी म्हणेल, ‘मुळशीला आमचं फार्महाऊस आहे, हौद आहे.’ पंगासासाठी मोठा, बंदिस्त हौद चालू शकेल, बशर्ते पावसाळ्यात तो भरून ओढ्याला मिळत नसेल. ऑस्करसाठी नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली गेला, की विशीच्या वरचं पाणी लागणारा हा मासा उघड्यावर आजारी पडतो. कात्रजचं प्राणिसंग्रहालय ‘घेतीलच’ असं धरून चालू नका. आणि एखादा मासा बराच होत नसेल, त्याला कुणी घेत नसेल, तर वेदना न होता त्याला सोडवायचा मार्ग पशुवैद्य सांगू शकतो. तो विचारणं म्हणजे क्रौर्य नाही.

अरोवानाचं उत्तर ‘नाही’ आहे. चांदीसारखा चमकणारा जो अरोवाना दुकानात दिसतो, तो तीन फुटांचा होतो आणि उडी मारून टँकबाहेर पडण्यात पटाईत असतो. वास्तूला लाभतो म्हणून तो घेणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं आहे, की लाभायला मासा आधी जगावा लागतो. आशियाई अरोवाना तर आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वांत कडक यादीत आहे आणि वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर असा प्राणी बाळगला तर सरकारदरबारी नोंद करावी लागते. मुलाला नुसतं ‘नाही’ सांगू नका. दुकानात जायच्या आधी हव्या त्या माशाची पूर्ण वाढ वहीत लिहून आणायची, आणि ती टँकच्या लांबीच्या दहाव्या भागाहून जास्त असेल तर मासा यादीतून बाद, असा नियम त्यालाच सांभाळायला द्या. दोन फुटांत झेब्रा डॅनिओचा सात-आठांचा थवा मजेत राहतो. आपल्याच देशातला मासा आहे, दोन इंचांच्या आत राहतो आणि दिवसभर पळापळ करतो. हनी गुरामीही चालेल. गप्पी घेतलेत तर फक्त नर घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी मला दुसरं पत्र लिहाल.

ज्यांच्याकडे ऑस्कर नाहीत, पण टीव्हीशेजारी गोल काचेच्या भांड्यात एक गोल्डफिश आहे, त्यांनीही स्वतःला यातून वगळू नये. साधा गोल्डफिश आठ-दहा इंचांचा होतो आणि नीट ठेवला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. रोम शहराने २००५ मध्ये अशा गोल भांड्यांवर बंदी आणली. आपल्याकडे ती यायची वाट कशाला बघायची? दुकानात शिरताना तीनच प्रश्न विचारा : पूर्ण वाढ किती, टँक केवढा, आयुष्य किती. तिन्हींची उत्तरं न देता जो पिशवी भरायला घेतो, त्याच्याकडून खडी आणि गोळ्या घ्या, मासा नको.

आणि तुमचे मासे नव्या घरी जायचे ठरले की आदल्या दिवशी त्यांना खायला घालू नका, प्रवासात पाणी कमी घाण होतं. ऑस्कर एकेका झाकणाच्या बादलीत, निम्मं पाणी त्यांच्याच टँकमधलं, सोबत बॅटरीवर चालणारा हवेचा पंप. सकरला जाळीने किंवा पिशवीत पकडायला जाऊ नका, पंखांचे काटे जाळीत गुंततात आणि पिशवी फाडतात. त्यालाही बादलीच द्या, आणि रिक्षात ती बादली तुमच्या दोन पायांमध्ये ठेवा.